जम न बसलेले ॲप केव्हा थांबवावे?

नोकरी, शिक्षण किंवा शेती हा मुख्य उद्योग सांभाळून उरलेल्या वेळात एखाद्याने स्वतःच्या कल्पनेवर उभे केलेले सॉफ्टवेअर, मग ते मोबाइल ॲप असो, संकेतस्थळ असो किंवा हिशेबाची साधी आज्ञावली असो, संगणक व्यवसायात ‘साइड प्रोजेक्ट’ या नावाने ओळखले जाते; प्रस्तुत लेखात त्यासाठी जोडप्रकल्प हा शब्द योजला आहे. अशा प्रकल्पाला गुंतवणूकदार नसतात, संचालक मंडळ नसते आणि वर्षअखेरीस ताळेबंद मागणारेही कोणी नसते, त्यामुळे तो सुरू करायला कोणाची परवानगी लागत नाही, पण थांबवण्याचा निर्णय घ्यायला भाग पाडणारी व्यवस्थाही त्याच्याभोवती नसते. कंपनीचे पैसे संपले की कंपनी बंद पडते. जोडप्रकल्पाचा खर्च मात्र सर्व्हरचे थोडेसे भाडे आणि निर्मात्याच्या रात्रीच्या वेळेतले काही तास एवढाच असल्याने तो ना धड चालू ना धड बंद अशा अवस्थेत वर्षानुवर्षे रेंगाळू शकतो. या रेंगाळण्याचा भुर्दंड निर्मात्याला बसतोच, शिवाय त्या सॉफ्टवेअरवर विसंबून राहिलेल्या मोजक्या माणसांनाही बसतो, आणि म्हणूनच हा निर्णय निर्मात्याच्या खाजगी मनःस्थितीवर सोडून देण्यासारखा नाही.

हा प्रश्न आता महानगरांपुरता राहिलेला नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात, पैनगंगेच्या खोऱ्यात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेवर वसलेल्या उमरखेडसारख्या तालुक्यातून शिकून बाहेर पडलेला तरुण पुण्यात किंवा हैदराबादेत नोकरी करू लागतो, तेव्हा त्याच्या पहिल्या सॉफ्टवेअरचा विषय बहुधा गावाकडचीच एखादी अडचण असते: सोयाबीनचा आजचा भाव, उसाच्या तोडीचा क्रम, मजुरांची हजेरी, कृषी सेवा केंद्राची उधारी. अशा प्रकल्पांमागची कळकळ खरी असते आणि त्यांची तांत्रिक बाजूही अनेकदा निर्दोष असते. तरीही बहुतेकांचा जम बसत नाही. जम बसणे म्हणजे काय, हे येथे नेमके सांगणे आवश्यक आहे. ॲप किती फोनांवर उतरवले गेले हा आकडा यासाठी निरुपयोगी आहे, कारण भिडेखातर, कुतूहलापोटी किंवा नातेवाइकाचा मान राखण्यासाठीही ॲप उतरवले जाते. कोणी आठवण न करता माणूस पुन्हा पुन्हा त्या सॉफ्टवेअरकडे वळतो, ते बंद पडले तर त्याचे काम अडते आणि तो आपण होऊन शेजाऱ्याला त्याविषयी सांगतो, या तीन गोष्टी घडू लागल्या म्हणजे जम बसला असे म्हणता येते. त्यांपैकी पहिली गोष्टच घडत नसेल तर बाकीच्या दोन घडण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

वापर होत नाही एवढ्यावरून गरजच नाही असा निष्कर्ष काढण्याची चूक मात्र टाळली पाहिजे, आणि ती का टाळली पाहिजे हे समजण्यासाठी महाराष्ट्रातच घडलेल्या एका प्रयोगाकडे वळावे लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे, तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी समूहाच्या क्षेत्रात, १९९८ मध्ये ‘वारणा वायर्ड व्हिलेजेस’ हा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे त्याच्या कक्षेत होती, खर्च सुमारे अडीच कोटी रुपयांचा होता आणि त्याचा निम्मा भार केंद्र शासनाने, चाळीस टक्के राज्य शासनाने व उरलेला दहा टक्के वारणा समूहाने उचलायचा होता. गावोगावी संगणक असलेली केंद्रे उघडून शेतकऱ्याला त्याच्या गावातच पीकसल्ला, बाजारभाव, शासकीय योजना आणि साखर कारखान्याशी असलेल्या व्यवहाराची माहिती मराठीतून मिळावी, अशी ती कल्पना होती. हा कोणाचा फावल्या वेळचा प्रकल्प नव्हता, शासनाचा गाजावाजा झालेला उपक्रम होता. पण जोडप्रकल्पाच्या निर्मात्याला त्यातून जे शिकता येते ते अन्यत्र सहसा मिळत नाही, कारण या प्रकल्पाचा प्रत्यक्ष वापर कसा होतो हे पुढे बारकाईने तपासले गेले.

मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या बंगळुरूच्या संस्थेतील राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा यांनी या केंद्रांचे निरीक्षण केले, तेव्हा असे आढळले की आखणीत मांडलेल्या अनेक सेवांपैकी व्यवहारात टिकून राहिली ती मुख्यतः एकच, ती म्हणजे उसाच्या व्यवहाराची नोंद. आपल्या नावावर किती ऊस गेला, काट्यावर वजन किती भरले, खतापोटी किती रक्कम वळती झाली आणि बिल केव्हा निघणार, हे जाणून घेण्यासाठी शेतकरी केंद्रावर येत होता. म्हणजे गरज खरी होती, फक्त ती आखणाऱ्यांनी कल्पिली होती त्यापेक्षा फार अरुंद आणि फार नेमकी होती. आणि तेवढ्या गरजेसाठी प्रत्येक गावात संगणक, वीज, दुरुस्ती व चालक यांचा खर्च करणे परवडणारे नव्हते. त्यावरून या संशोधकांनी कारखान्याच्या बाजूला एक संगणक आणि गावाच्या बाजूला साधे मोबाइल एवढ्यावरच तीच माहिती एसएमएसद्वारे देणारी पद्धत रचली. सात गावांत आठ महिने घेतलेल्या चाचणीत तिने गावातल्या संगणकाचे सारे काम पार पाडले, शिवाय ती जुन्या पद्धतीपेक्षा स्वस्त, सोयीची आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत पडलेली ठरली. संशोधकांनी या प्रयोगाला ‘वारणा अनवायर्ड’ असे नाव दिले.

या उदाहरणाचे मोल असे की त्यात ‘बंद करणे’ या एकाच क्रियेचे दोन भाग वेगळे झालेले दिसतात. गावातला संगणक हे साधन निरुपयोगी ठरले, पण उसाच्या वजनाची चौकशी ही गरज शाबूत राहिली. जोडप्रकल्पाचा निर्माता या दोहोंना एकच समजतो आणि म्हणून दोन्हीकडून चुकतो: गरज खरी आहे हे त्याला ठाऊक असते, त्यामुळे आपले साधनही योग्यच आहे असे तो मानत राहतो, किंवा साधन चालत नाही हे दिसल्यावर गरजच नव्हती असे म्हणून निराश होतो. थांबवण्याचा विचार करताना पहिला प्रश्न म्हणून हेच विचारावे लागते की लोक आज ते काम कशाने भागवतात. उमरखेडचा शेतकरी सोयाबीनचा भाव आडत्याला फोन करून विचारत असेल, किंवा गावच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी येणाऱ्या भावफलकाच्या छायाचित्रावरून समजून घेत असेल, तर नव्या ॲपची खरी स्पर्धा दुसऱ्या ॲपशी नसून त्या फोनशी आणि त्या छायाचित्राशी असते. त्या फोनवर भावाबरोबरच उचल मिळेल का, वजनात किती घट धरणार, आज गाडी आणावी की उद्या, हेही समजते, आणि हे ॲपला देता येत नाही.

गरज आहे आणि साधनही लोकांच्या हातात आहे, तरी परिणाम शून्य, असाही प्रकार असतो, आणि तो ओळखणे सर्वांत कठीण. ऑक्टोबर २००७ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने महाराष्ट्रात ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा सुरू केली. पैसे भरून नोंदणी करणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या पिकाचा बाजारभाव, हवामानाचा अंदाज आणि पीकसल्ला मोबाइलवर एसएमएसने मिळत असे. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या १०० गावांत या सेवेची शास्त्रशुद्ध परीक्षा घेतली. चिठ्ठी टाकून निवडल्याप्रमाणे, म्हणजे कोणताही पूर्वग्रह न ठेवता निवडलेल्या शेतकऱ्यांना वर्षभर ही सेवा फुकट देण्यात आली आणि ती न मिळालेल्या शेतकऱ्यांशी त्यांची तुलना केली गेली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सेवा मिळालेल्या शेतकऱ्यांनी आपल्या काही निर्णयांचे श्रेय तिला दिले, माल कोणत्या बाजारात न्यावा आणि त्याची प्रतवारी कशी करावी यांत थोडा बदलही दिसला. पण मिळालेला भाव, पिकातून झालेली मूल्यवृद्धी, पावसाने झालेले नुकसान किंवा पीकपद्धतीतला बदल यांपैकी कशातही, सरासरी पाहता, संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल असा फरक आढळला नाही. संशोधकांनी पुढे आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची: अभ्यासलेल्या जिल्ह्यांत या सेवेची ग्राहकसंख्या आधीच थोडी होती आणि तिची वाढ थबकलेली होती, म्हणजे महागड्या अभ्यासातून निघालेले उत्तर आणि शेतकऱ्यांनी खिशातल्या पैशाने दिलेले उत्तर परस्परांशी जुळत होते.

जोडप्रकल्पाच्या निर्मात्याला असा अभ्यास करणे शक्य नसते, परंतु किती जणांनी सेवा पुन्हा घेतली हा आकडा त्याच्यासमोर असतो आणि तो आकडा बहुतेक वेळा खरे बोलतो. तोंडी कौतुक खोटे नसले तरी पुरावा म्हणून अपुरे असते. आपल्याच गावच्या मुलाने केलेल्या ॲपविषयी उमरखेडच्या बाजारपेठेत कोणी वाईट बोलणार नाही, आणि हे सौजन्यच निर्मात्याला वर्षभर चुकीच्या दिशेने नेऊ शकते. त्यामुळे ‘ॲप कसे वाटले’ या प्रश्नाऐवजी ‘गेल्या वेळी माल विकला तेव्हा भाव कुठून कळला’ असे विचारले पाहिजे, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर माणूस मन राखण्यासाठी देतो आणि दुसऱ्याचे उत्तर देताना त्याला घडलेली गोष्ट आठवावी लागते.

सॉफ्टवेअर व्यवसायातले प्रचलित मापदंड शेतीप्रधान तालुक्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हा मुद्दा मराठी निर्मात्यांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. महानगरांतली मंडळी दररोज किंवा दरमहा किती जण ॲप उघडतात हे मोजतात आणि तीन महिने आकडा घसरला तर प्रकल्प गुंडाळण्याचा विचार करतात. उमरखेड परिसरात सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाजारात येते, कापसाची वेचणी त्यापुढे हिवाळाभर चालते, हरभरा उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतो, हळदीचे व्यवहार त्याच्याही नंतर भरात येतात आणि उसाचा गाळप हंगाम साधारण दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. सोयाबीनच्या भावाचे ॲप मे महिन्यात कोणी उघडले नाही तर त्यात काहीच नवल नाही, आणि ऑक्टोबरात ते शेकडो जणांनी उघडले म्हणून हुरळून जाण्यातही अर्थ नाही. येथे कालमापनाचे एकक हंगाम हेच असले पाहिजे आणि तुलना गेल्या महिन्याशी न करता गेल्या वर्षीच्या त्याच पंधरवड्याशी केली पाहिजे: पहिल्या हंगामात ज्यांनी ॲप वापरले त्यांपैकी किती जण दुसऱ्या हंगामात, कोणताही संदेश न पाठवता, परत आले? हा एक आकडा बाकीच्या सगळ्या आलेखांपेक्षा अधिक सांगतो. त्याचा अर्थ असाही होतो की अशा प्रकल्पाला निदान दोन हंगाम दिल्याशिवाय त्याचा निकाल लावणे अन्यायाचे आहे; मात्र दोन हंगाम देऊनही परत येणारे कोणी नसेल तर तिसरा हंगाम देण्यासाठी नवे, ठोस कारण हवे.

ठिकाणाचे स्वरूपही तपासावे लागते. उमरखेडहून यवतमाळपेक्षा नांदेड जवळ आहे, नदीपलीकडे हदगाव आहे, आणि हळदीसाठी या भागातल्या शेतकऱ्याची नजर हिंगोली व वसमतच्या बाजाराकडे लागलेली असते. ज्या ॲपमध्ये आधी जिल्हा निवडायचा आणि मग त्याच जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे भाव दिसणार अशी रचना आहे, ते नागपूर किंवा पुण्याच्या मेजावर बसून कितीही सुबक दिसले तरी उमरखेडच्या शेतकऱ्याला अपुरेच पडणार, कारण त्याचा बाजार महसुली सीमेप्रमाणे ठरत नाही. अशा वेळी वापर न होण्याचे कारण दुरुस्त करता येण्याजोगे असते आणि प्रकल्प थांबवण्याआधी ती दुरुस्ती एकदा करून पाहणे न्याय्य ठरते. याउलट काही कारणे निर्मात्याच्या हाताबाहेरची असतात. तालुक्यातील पोफाळी येथील वसंत सहकारी साखर कारखाना मध्यंतरी काही हंगाम बंद राहिला. त्या कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमावर आधारलेले सॉफ्टवेअर कोणी त्या आधी केले असते तर ते वापराविना पडून राहिले असते, आणि त्यात सॉफ्टवेअरचा दोष शून्य असता. ज्या संस्थेवर प्रकल्प उभा आहे तीच थांबली तर प्रकल्पाला तात्पुरते गोठवून ठेवावे की कायमचे बंद करावे, हा निर्णय त्या संस्थेच्या भवितव्याकडे पाहून घ्यावा लागतो. त्यासाठी वापराचे आकडे पुन्हा पुन्हा चाळण्याचा काही उपयोग नसतो.

इतके सगळे स्पष्ट असूनही माणूस थांबत नाही, याचे कारण मानसशास्त्रात शोधले गेले आहे. आधीच खर्च झालेला आणि काहीही केले तरी परत न मिळणारा पैसा, वेळ किंवा श्रम याला बुडीत खर्च म्हणतात. पुढचा निर्णय घेताना त्याचा विचार करण्याचे तर्कतः काहीच कारण नसते, तरी तो मनावर स्वार होतो. हाल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग नाट्यवेड्या मराठी वाचकाला सहज पटेल असा आहे. अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटे घेण्यासाठी आलेल्या प्रेक्षकांपैकी काहींना पूर्ण १५ डॉलरला, तर काहींना १३ किंवा ८ डॉलरला, कोणताही निकष न लावता तिकिटे विकण्यात आली. नाटके तीच, आसने तीच, प्रेक्षकांची आवडही सारखीच. तरी हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण किंमत मोजलेले प्रेक्षक सवलतवाल्यांपेक्षा अधिक नाटकांना हजर राहिले, आणि उत्तरार्धात हा फरक मावळत गेला. म्हणजे मोजलेल्या पैशाचा दाब वर्तनावर पडतो, आणि काळ लोटला की तो ओसरतोही.

जोडप्रकल्पात हा दाब पैशाचा कमी आणि रात्रींचा अधिक असतो. शिवाय तालुक्याच्या गावात त्याला प्रतिष्ठेची जोड मिळते: ॲपचे लोकार्पण एखाद्या पुढाऱ्याच्या हस्ते झालेले असते, स्थानिक वृत्तपत्रात छायाचित्रासह बातमी आलेली असते, शाळेने सत्कार केलेला असतो, आणि आता ते बंद केले असे सांगणे म्हणजे त्या सगळ्यांना तोंडघशी पाडणे असे निर्मात्याला वाटू लागते. ही भावना क्षुल्लक मानू नये. गावाने दिलेला मान हा खराच असतो. परंतु तो मान प्रयत्नाला दिलेला होता, ॲप अनंत काळ चालवण्याच्या हमीपोटी दिलेला नव्हता, हे समजून घेतले तर दडपण पुष्कळ हलके होते.

यावर व्यवहारात उपयोगी पडणारा उपाय असा की थांबण्याची अट प्रकल्प सुरू करतानाच, म्हणजे मन शांत आणि हात मोकळे असताना, लिहून ठेवावी आणि ती घरच्या किंवा मित्रमंडळीतल्या एका माणसाच्या हाती द्यावी. अटीत एक तारीख आणि एक मोजता येणारी गोष्ट असावी: उदाहरणार्थ, दुसऱ्या सोयाबीन हंगामाच्या अखेरीस पहिल्या हंगामातल्या वापरकर्त्यांपैकी किमान पाव भाग आपण होऊन परतला नसेल, आणि बाजार समितीतल्या दहा आडत्यांपैकी एकही जण भाव स्वतः भरत नसेल, तर प्रकल्प बंद. हे आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. प्रत्येकाने ते आपल्या विषयाप्रमाणे ठरवावेत, पण एकदा ठरवल्यावर तारीख उजाडली म्हणून सैल करू नयेत. अट आधी लिहिलेली नसेल तर निर्णयाच्या वेळी एकच प्रश्न विचारावा: आजवर काहीच केले नसते आणि लोकांविषयी आज जे ठाऊक आहे तेवढे मात्र ठाऊक असते, तर हे काम आज नव्याने हाती घेतले असते का? याचे उत्तर नकारार्थी असेल तर पुढे चालू ठेवण्याचे कारण बुडीत खर्चाखेरीज दुसरे काही नाही.

वापर भरपूर असूनही प्रकल्प टिकत नाही, ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचा उल्लेख थोडक्यात करणे पुरेसे आहे. मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिण्याची सोय देणारे ‘कू’ हे समाजमाध्यम २०२० मध्ये सुरू झाले, लाखो लोकांनी ते वापरले, आणि तरीही मोठ्या कंपन्यांबरोबरची भागीदारीची बोलणी फिसकटल्यावर व तंत्रज्ञानाचा खर्च पेलेनासा झाल्यावर जुलै २०२४ मध्ये त्याच्या संस्थापकांनी ते बंद करत असल्याचे जाहीर केले. नोकिया कंपनीने महाराष्ट्रात चाचणी घेऊन २००९ मध्ये भारतात आणलेली ‘लाइफ टूल्स’ ही शेती आणि शिक्षणाची माहिती देणारी सेवाही, कंपनीचे फोनच बाजारातून मागे पडू लागल्यावर, २०१३ च्या अखेरीस थांबली. लहान निर्मात्याने यातून एवढेच घ्यावे की खर्चाचा हिशेब वापराच्या हिशेबापासून वेगळा मांडायचा असतो. त्याच्या बाबतीत हा खर्च वरून दिसतो तेवढा किरकोळ नसतो: गुगल प्लेवरचे ॲप दरवर्षी नव्या अँड्रॉइड आवृत्तीशी जुळवून घ्यावे लागते, नाहीतर नव्या फोनांवर ते उतरवता येत नाही, आणि शेतकऱ्यांना एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रेषकाची, त्याच्या नावाची आणि संदेशाच्या प्रत्येक साच्याची नोंदणी करावी लागते. ‘आहे तसे चालू राहू द्यावे’ हा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये मुळात उपलब्धच नसतो. लक्ष काढून घेतलेले सॉफ्टवेअर हळूहळू चुकीचे वागू लागते, आणि बाजारभावाच्या बाबतीत तीन दिवसांपूर्वीचा भाव आजचा म्हणून दाखवणारे ॲप हे ॲप नसण्यापेक्षा घातक असते.

बंद करण्याचा निर्णय झाल्यावर तो कसा अमलात आणला जातो, यावरून निर्मात्याची सचोटी दिसते, आणि या बाबतीत चांगले दाखले उपलब्ध आहेत. भारतात एके काळी घरोघरी पोचलेले ऑर्कुट हे मूळचे गुगलमधल्या ऑर्कुट ब्युक्कोक्तेन या अभियंत्याने कंपनीने मोकळ्या ठेवलेल्या वेळात केलेले काम होते. जानेवारी २००४ मध्ये ते खुले झाले. ३० जून २०१४ रोजी ते बंद होणार असे जाहीर झाले, ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले, आणि त्यानंतरही सप्टेंबर २०१६ पर्यंत लोकांना आपली छायाचित्रे व मजकूर उतरवून घेण्याची मुभा ठेवली गेली. स्ट्युअर्ट बटरफिल्ड यांच्या टायनी स्पेक या कंपनीने ‘ग्लिच’ हा आंतरजालावरचा खेळ पुरेसे खेळाडू मिळेनात म्हणून ९ डिसेंबर २०१२ रोजी बंद केला, तेव्हा खेळाडूंनी भरलेले पैसे परत देण्याची तयारी दाखवली आणि पुढच्या वर्षी खेळातली चित्रे व रचना कोणालाही वापरता याव्यात म्हणून सर्वांसाठी मुक्त केली. हा खेळ घडवताना आपसांतल्या संपर्कासाठी त्यांनी जे साधन बनवले होते त्यातूनच पुढे ‘स्लॅक’ हे जगभर वापरले जाणारे उत्पादन निघाले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण प्रत्येक बंद प्रकल्पातून असे काही निघेल या आशेवर निर्णय घेऊ नये, आणि ग्लिचचे खरे मोल पैसे परत करण्यात व काम खुले करण्यात आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

माहिती लोकांच्या हाती परत देण्याचा मुद्दा मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. युनिकोड ही अक्षरांची जागतिक सामाईक पद्धत रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या निरनिराळ्या फाँटांत टंकलिखित होत असे, त्यांतला प्रत्येक फाँट अक्षरांना स्वतःचे वेगळे संकेत देत असे. ते सॉफ्टवेअर संगणकावरून गेले की अनेक वर्षांपूर्वीचे इतिवृत्त, हस्तलिखिताची प्रत किंवा संस्थेची सभासद यादी उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गुंता दिसतो, हा अनुभव अनेक मराठी प्रकाशकांनी आणि कार्यालयांनी घेतला आहे. म्हणून उमरखेडच्या कृषी सेवा केंद्राने तीन वर्षे उधारीची वही म्हणून वापरलेले ॲप बंद करताना ती वही त्याच्या हाती साध्या तक्त्याच्या रूपात, युनिकोड मराठीत, कोणत्याही संगणकावर उघडेल अशी द्यावी, आणि शक्य तर तिची छापील प्रतही द्यावी. ही सूचना पेरणीच्या किंवा विक्रीच्या ऐन धामधुमीत न देता हंगाम संपल्यावर द्यावी, म्हणजे दुकानदाराला पुढची सोय करायला अवधी मिळतो. त्यानंतर निर्मात्याकडे उरलेली माहिती पुसून टाकावी. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानेही, ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपल्यावर ती जपून ठेवू नये, हेच तत्त्व मांडले आहे. शेतकऱ्यांचे मोबाइल क्रमांक, पिके आणि क्षेत्र यांची यादी बियाणे किंवा औषध विक्रेत्याला मोलाची वाटते आणि बंद पडणाऱ्या प्रकल्पाकडे ती मागितली जाऊ शकते; ती विकून खर्च भरून काढण्याचा मोह निर्मात्याने निक्षून टाळला पाहिजे, कारण ती माहिती त्याला भाव कळवण्यासाठी दिलेली होती.

आज्ञावलीचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो खुला करणे चांगलेच, परंतु त्यासोबत काय जमले नाही आणि का जमले नाही याची दोन पानांचे मराठी टिपण जोडले तर यवतमाळ किंवा हिंगोलीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला त्या कोडपेक्षा ते टिपणच अधिक उपयोगी पडेल. वारणेच्या संशोधकांनी आपली निरीक्षणे लिहून ठेवली म्हणूनच ती आज हाताशी आहेत. तालुक्यातालुक्यांत बंद पडलेल्या ॲपांची अशी कोणतीही नोंद कोणी ठेवत नाही, आणि त्यामुळे बाजारभावाचे तेच ॲप दर दोन-तीन वर्षांनी नव्या उत्साहाने नव्याने लिहिले जाते. अभियांत्रिकी आणि संगणक महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांबरोबर त्यांच्या वापराचा आणि बंद होण्याचा अहवालही ग्रंथालयात ठेवला तर ही उणीव पुष्कळ भरून निघेल.

शेवटची बाब संकेतस्थळाच्या नावाची. ते नाव दुकानाच्या पाटीवर, पावतीवर आणि शेतकऱ्यांच्या फोनमध्ये राहून गेलेले असते. त्याचे वार्षिक भाडे भरणे थांबवले तर काही काळाने ते कोणालाही विकत घेता येते, आणि ओळखीच्या नावाआडून पीक विम्याच्या किंवा अनुदानाच्या खोट्या अर्जासाठी लोकांची माहिती उकळणे भामट्यांना सोपे जाते. त्यामुळे ॲप बंद केल्यानंतरही निदान दोन वर्षे ते नाव स्वतःकडे ठेवावे, एसएमएससाठी नोंदवलेले प्रेषक-नाव रीतसर परत करावे, आणि त्या पानावर सेवा कोणत्या तारखेला बंद झाली, आपली वही कोठून उतरवून घ्यायची आणि रोजचे भाव राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर कसे पाहायचे, एवढा मजकूर मोठ्या मराठी अक्षरांत ठेवावा.